तोंडावरचं तेज

"काम सांगा, मग चप्पल काढा."

बदली होऊन ईट गावाला आले आणि भाड्याच्या खोल्या बघत एका दारात उभी राहिले, तेव्हा हे पहिलं वाक्य कानावर आलं. मी काम सांगितलं. जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे, नवरा आणि मी दोघंच, दोन खोल्या हव्यात. खव्याच्या भट्टीपुढं पालथ्या घमेल्यावर बसलेल्या बाईनं कढईवरची नजर काढली नाही.

"म्हंजी ढोराच्या डॉक्टरीण व्हय?"

"डॉक्टर नाही. डॉक्टरांच्या हाताखाली."

"खरं बोलता. ऱ्हावा मग."

एवढ्यावर खोल्या मिळाल्या. गाव त्यांना अक्का म्हणायचं, मीही म्हणू लागले. साठीच्या पुढच्या, विधवा. घरात मुलगा दत्ता, सून, गाई, भट्टी आणि एक बोका. बोक्याचा उल्लेख मुद्दाम केला, कारण त्या घरात सगळ्यात मोठा अधिकार त्याचा होता. दुसऱ्या कुणाच्या भट्टीचा खवा घरात आला की अक्का त्यातला चिमूटभर बोक्यापुढं टाकायच्या. बोक्यानं हुंगून तोंड फिरवलं की तो खवा आणणाऱ्याच्या हातात परत. एकदा एक व्यापारी दूध तपासायची मशीन दाखवायला आला होता. त्याला म्हणाल्या, "ठिवा तिकडं. ह्या बोक्याला पगार न्हाय, म्हून ह्यो खोटं बोलत न्हाय."

गिऱ्हाइकानं खवा चाखायला मागितला की म्हणायच्या, "चाखून घ्याया ही काय द्राक्षं हायेत? इस्वास नसंल तर फुडं जावा." आणि कुणी "छान आहे हो अक्का" म्हटलं तर आणखी चिडायच्या. "छान नसंल तर काय आसंल? खवा हाय त्यो."

देवीशी तर रोजचं भांडण. देवघरात दिवा लावायची वेळ कधी चुकली नाही, पण हात जोडलेले मी पाहिले नाहीत. वात सारता सारता तोंड चालू असायचं. "बसलीस व्हय निवांत? तांबडी गाय आटली, पत्ता तरी हाय का तुला? तुला कसा आसंल म्हना. तू दगुड."

मी एकदा विचारलं, "अक्का, देवीला मानता की नाही?"

"न्हाय."

"मग दिवा कशाला?"

"तिला शब्द दिलाय. मानायचं येगळं, शब्दाचं येगळं."

शब्द असा होता. दत्ता लहानपणी तापानं जायला टेकला होता, त्यातून उठला, तेव्हा अक्कांनी तुळजापूरच्या वाटेवर कबूल केलं की नवरात्राचे नऊ दिवस विकतचं काही तोंडात घालणार नाही. धान्य खाणार नाही, अनवाणी चालणार, असं सगळेच बोलतात. अक्कांचं हे निराळंच. घरच्या गाईचं दूध, घरचा खवा, रानातल्या शेंगा, रताळी, परड्यातला भोपळा. साखर विकतची, म्हणून नाही. चहा नाही. मीठसुद्धा विकतचं, म्हणून तेही नाही. दत्ताला मिशा फुटून पोट सुटलं तरी शब्द चालूच होता.

आता त्या चेहऱ्याबद्दल. अक्कांचं तोंड ताटासारखं गोल होतं, गाल लालबुंद आणि चकचकीत. हात मात्र काड्यांसारखे. मानेच्या मागं उशी ठेवल्यासारखा चरबीचा गोळा. कढईचा काठ नुसता घासला तरी दंडावर काळानिळा डाग उठायचा. आणि भिंतीवरच्या फोटोत, नवऱ्याशेजारी बसलेली, एक लांबट तोंडाची, गालफडं आत गेलेली बाई होती. ती दुसरीच कुणी वाटावी. मी सुनेला विचारलं तर ती पदर सावरून म्हणाली, "तेज आलंय त्यांच्या तोंडावर. देवीचं."

तेज. हा शब्द आठवला की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. बाईचे गाल सुजतात, दंड वाळतात, कातडी कागदासारखी होते, आणि अख्खं गाव त्याला तेज म्हणतं. गाईचं असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी तिला दोर लावून माझ्या दवाखान्यात आणली असती.

माझं तिथलं पहिलं नवरात्र. पाचव्या माळेला दुपारी अंगणात बायकांची गर्दी दिसली. मला वाटलं, कुणी गेलं. आत घुसले तर अक्का देवघरापुढं भिंतीला टेकून बसलेल्या, घामानं चिंब, हात थरथरतायत, डोळे कुठंतरी लागलेले. तोंडानं काहीबाही बडबडतायत. आणि बायका त्यांच्या कपाळाला मळवट भरतायत, ओटीचे नारळ मांडतायत.

"काय झालंय?" मी विचारलं.

"गप ऱ्हावा बाई. आलीय."

"कोण?"

"आई."

एक बाई पुढं सरकली. "आई, माझ्या पोराला नोकरी लागंल का गं?"

अक्का म्हणाल्या, "न्हाय."

बायकांच्या अंगावर काटा आला. मग अक्का म्हणाल्या, "भूक लागलीय मला." तर बायकांनी काय करावं? खव्याचा नैवेद्य ताटात वाढून त्यांच्यापुढं ठेवला आणि आरती सुरू केली. भुकेलेल्या बाईच्या नाकापुढं ताट आणि तिच्या तोंडाभोवती फिरणारा धूर. मी ताटातला खवा उचलला, त्यांच्या तोंडात घातला, वर दुधाचा तांब्या लावला. मागून कुणीतरी ओरडलं, "बाटवलं हिनं!" पण दूध पोटात गेल्यावर थोड्या वेळानं अक्कांचे डोळे जागेवर आले. कपाळाचा मळवट हातानं पुसून बघितला आणि म्हणाल्या, "ह्या सगळ्या हितं कशाला मेल्यात?"

"देवी शांत झाली," बायका म्हणाल्या.

संध्याकाळी त्या भट्टीपुढं घमेल्यावर बसल्या होत्या, पाय पसरून, पांढऱ्याफटक. मला म्हणाल्या, "बाई, दोन-तीन वर्सं झाली, पाचव्या माळंच्या आसपास आसंच व्हतंय. अंगातलं सगळं बळ निघून जातंय. ह्या म्हनतात देवी. अवो, देवीला यायचंच आसतं तर माझ्या अंगात आली आसती व्हय? तिचं माझं जमत न्हाय."

दत्ता त्यांना डॉक्टरांकडं न्यायचा, नाही असं नाही. पण कधी? दूध पिऊन, झोपून, दुसऱ्या दिवशी सकाळी. तेव्हा रक्त तपासलं की सगळं ठीक. डॉक्टर म्हणायचे, उपवासानं होतं, वय झालं, खात चला. हे "उपवासानं होतं" मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं की त्याचाच वीट आला. त्या गावात निम्म्या बायका नऊ दिवस उपवास करतात. भगर खाऊन रानात सोयाबीन काढतात. त्या पडत नाहीत. अक्का दूध, खवा, रताळी खातात आणि पडतात. हा फरक कुणाला दिसू नये?

वर्षभर अक्का नेहमीसारख्या होत्या. गुडघे दुखायचे, म्हणून उठताना शिव्या द्यायच्या, गुडघ्यांनाच. पुढच्या नवरात्रात मी तयारीत राहिले. माझ्या नवऱ्याला मधुमेह आहे, घरात बोटातून रक्त काढून साखर बघायची मशीन असते. त्या वर्षी सगळं एक दिवस आधीच सुरू झालं, चौथ्या माळेला. हात थरथरायला लागल्याचं सुनेनं सांगितलं तशी मी मशीन घेऊन धावले. बायका जमायच्या आत बोट टोचलं. एकेचाळीस. सत्तरच्या खाली जायचा नसतो.

माझ्या नवऱ्याचा आकडा असा आला असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. मी घरचं दूध पाजलं, खवा भरवला, वीस मिनिटांनी पुन्हा बघितलं, आकडा चढला होता आणि अक्का शुद्धीवर येऊन मला विचारत होत्या, "माझं बोट कुणी टोचलं?"

दत्तानं तालुक्याहून डॉक्टर बोलावले. ते आले, आकडा ऐकला आणि त्यांनी रास्तच प्रश्न विचारला, "घरात कुणाला शुगर आहे का? शुगरच्या गोळ्या चुकून पोटात गेल्या तर असं होतं."

दत्तानं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

ते बघणं मी विसरणार नाही. डॉक्टरांची गाडी वेशीबाहेर जायच्या आत बातमी गल्लीभर झाली. भाडेकरीण बाईच्या नवऱ्याच्या गोळ्या. म्हातारीला दूध पाजते ना ती, त्यातूनच. संध्याकाळी दत्ता माझ्या दारात.

"बाई, राग मानू नगा, पर गोळ्या मोजून बघू द्या."

"कशाशी ताडून मोजणार?"

"तसं न्हाय, नुसत्या बघतो."

मी पाकिटं त्याच्या अंगावर फेकली. पावसाळ्यात त्याची गाय अडली होती तेव्हा चिखलात गुडघे टेकून, खांद्यापर्यंत हात घालून मी वासरू सोडवलं होतं, आणि आज हा माझ्या दारात माझ्या नवऱ्याच्या गोळ्या मोजत होता. मोजून काही कळणार नव्हतं, तरी मोजत होता.

तेवढ्यात पलीकडून अक्कांचा आवाज आला. "ए दत्त्या! तुला अक्कल दिली तवा देवी झोपली व्हती का? ह्या बाईला मला मारायचं आसतं तर गोळ्या कशाला लागत्यात? तिच्या पेटीत म्हशीला आडवं पाडायची आवषिदं हायेत!"

आजवर कुणी माझी इतकी चांगली बाजू घेतली नाही.

मी त्यांच्या अंथरुणाशी गेले आणि सरळ सांगितलं, "अक्का, जिल्ह्याच्या दवाखान्यात चला. उद्याच. हे पुन्हा झालं आणि बायका आरती करत बसल्या तर तुम्ही मराल."

"नवरात्र झाल्यावर."

"नवरात्र झालं की तुम्हाला काही होत नाही. मग डॉक्टर काय बघणार? चोर घरात असतानाच पोलीस बोलवावा लागतो."

"तिथं सलाईन लावत्यात. विकतचं आसतंय."

"तुमचा शब्द काय आहे? तोंडात घालणार नाही. सलाईन तोंडातून जातं का?"

अक्कांनी विचार केला. मग देवघराकडं बघून म्हणाल्या, "ऐकलंस न्हवं? तोंडातनं जात न्हाय." आणि माझ्याकडं वळल्या. "चला."

दुसऱ्या दिवशी गाडीत निम्म्या वाटेवर त्यांना घाम सुटला. दूध मी घेतलं होतं, पण खड्ड्यात गाडी आदळली आणि किटली लवंडली. दत्तानं साखरेच्या पाण्याची बाटली आणलेली. ती त्यांच्या ओठाला लावली तर त्यांनी दात घट्ट आवळले. शुद्ध हरपत चाललेली बाई, पण विकतची साखर तोंडात जाऊ देईना. दत्ता रडायला लागला. "आये, पी गं. मी माझ्या हातानं देवीचे पाय धरीन, पर पी." मी ड्रायव्हरला ओरडले, गाडी हाण. बाकी करण्यासारखं काही नव्हतं. माझ्या पेटीत जनावरांच्या ग्लुकोजच्या बाटल्या असतात. हात दोनदा पेटीवर गेला आणि मागं आला. जनावराची बाटली माणसाच्या शिरेत घालायची नसते, एवढं मला कळतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते, बोलायला तुटक. स्ट्रेचर आत येताच दत्तानं पुन्हा बाटली पुढं केली. डॉक्टरांनी त्याचं मनगट धरलं.

"थांबा. आधी रक्त."

"साहेब, मरंल ती!"

"अर्धं मिनिट. आत्ताचं रक्त मिळालं नाही तर ह्या पुढच्या वर्षीही अशाच येतील."

शिरेतून नळ्या भरून रक्त घेतलं, त्याच सुईतून लगेच ग्लुकोज सोडलं. अक्का बाटली संपायच्या आत जाग्या झाल्या आणि पहिलं वाक्य, "तोंडात न्हाय न्हवं घातलं?"

मी डॉक्टरांना माझ्या मशीनचा आकडा सांगितला. ते म्हणाले, "एवढ्या खालचा आकडा ती मशीन बरोबर सांगेलच असं नाही. म्हणून शिरेतलं रक्त लागतं. पण तुमचा संशय बरोबर आहे. त्रास होतो, तेव्हाच साखर कमी असते, आणि साखर दिली की त्रास थांबतो. तिन्ही गोष्टी जुळल्या. आता कारण शोधायचं."

"उपवासानं होतं म्हणतात," दत्ता म्हणाला.

"धडधाकट माणूस दूध, रताळी खाऊन असा पडत नाही. उपाशी राहिलं तरी लिव्हर साखर पुरवत राहतं. साखर पडली म्हणजे काहीतरी बिघडलंय."

वर्षभर मी ह्या एका वाक्याची वाट बघत होते. मला त्या डॉक्टरांना चहा पाजावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी रक्ताचे निकाल यायला लागले. अंगातलं इन्शुलिन कमी होतं, जसं असायला हवं तसं. मधुमेहाची गोळी पोटात गेली असती किंवा स्वादुपिंडात गाठ असती तर साखर इतकी खाली असूनही ते चढलेलं दिसलं असतं. "त्यामुळं गोळ्यांचा विषय सोडा," डॉक्टर म्हणाले. मी दत्ताकडं बघितलं. त्यानं छताकडं बघितलं. माफी त्यानं आजवर मागितलेली नाही.

दारू नाही, लिव्हर, किडनी ठीक. पण रक्तदाबही खाली. डॉक्टर पलंगाशी बसले आणि अक्का नवरात्रात काय काय खातात ते विचारलं. आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. दूध, खवा, शेंगा, रताळी, भोपळा. त्यांनी हात वर केला.

"खाता काय ते कळलं. अक्का, ह्या नऊ दिवसांत तुम्ही सोडता काय काय?"

असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

"विकतचं समदं," अक्का म्हणाल्या.

"म्हणजे काय काय?"

"साखर. च्या. मीठ. मिसरी." त्या थांबल्या. "आन पुडी."

"कसली पुडी?"

"गुडघ्याची. बाजारात वैद्यबुवा बसत्यात, त्यांची. रोज सकाळी एक. विकतची हाय, म्हून नवरात्रात बंद."

"किती वर्षं घेताय?"

"लई वर्सं झाली. लई गुण हाय तिला. घेतली की बैलावानी काम व्हतंय."

डॉक्टरांनी त्यांच्या दंडावरचे डाग बघितले, मानेमागचा गोळा चाचपला. "पुडीच्या आधी चेहरा असा गोल होता?"

"ते तेज हाय, साहेब," दत्ता म्हणाला. "देवीचं."

"तेज नाही. सूज आहे. पुडीत स्टिरॉइड असणार."

त्याच रक्तातून आणखी एक तपासणी झाली आणि तेच निघालं. डॉक्टरांनी साध्या भाषेत सांगितलं. किडनीच्या डोक्यावर एक ग्रंथी असते. अंगाला उभं राहायला, उपाशीपणी साखर टिकवायला जो रस लागतो तो ती बनवते. पुडीतून तोच रस बाहेरून रोज मिळायला लागला, ग्रंथी झोपली. अक्का नवरात्रात पुडी एकदम सोडत होत्या. बाहेरचा रस बंद, आतला सुरू नाही. चार-पाच दिवसांत बाई खाली. दसऱ्याला पुन्हा पुडी, पुन्हा बाई उभी.

"तुम्हाला देवी येत नव्हती अक्का," ते म्हणाले. "पुडी उतरत होती."

अक्कांनी दंडावरचा डाग अंगठ्यानं घासून बघितला. मग म्हणाल्या, "आजपास्नं बंद. दत्त्या, घरातल्या पुड्या चुलीत घाल."

"बंद करूनच तर इथं आलात," डॉक्टर म्हणाले. "एकदम सोडलं तर पुढच्या वेळी दवाखान्यापर्यंत येणार नाही. तेच औषध आता गोळीतून, ठरलेल्या मापात. महिन्यामहिन्यानं कमी करायचं. वर्ष लागेल, जास्तही लागेल. एक दिवस चुकवायचं नाही. उलटी झाली, गोळी पोटात टिकली नाही, तर सरळ इथं यायचं."

"म्हंजी त्यानं इख घातलं, आन आता त्येच तुमच्याकडनं घ्यायचं?"

"हो."

"लई झकास न्याव हाय."

उरलेल्या माळा त्यांनी दवाखान्यात शिरेतल्या औषधावर काढल्या. शब्द मोडला नाही.

आता पुडीवाल्याचं काय झालं ते सांगते. मी एक पुडी घेऊन ज्या कार्यालयात औषधांची तक्रार करायची तिथं गेले. साहेबांनी पुडी उलटसुलट करून बघितली. "ह्यावर नाव नाही, कंपनी नाही. पावती आहे का?" बाजारात गोणपाटावर बसलेल्या माणसाची पावती! नाव नाही म्हणून तर आणली होती. ते म्हणाले, अर्ज द्या, बघतो. अर्ज दिला. त्यांनी काय बघितलं ते मला अजून कळलेलं नाही. वैद्यबुवा पुढच्या आठवडी बाजाराला तिथंच बसले होते. आणि दत्ता मला म्हणतो, "जाऊ द्या बाई, त्येंच्यामुळं आयचे गुडघे इतकी वर्सं चालले."

अक्कांनी अर्ज केला नाही. बाजाराच्या दिवशी घमेलं डोक्यावर घेऊन निघाल्या आणि वैद्यबुवांच्या गोणपाटाशेजारी पालथं घालून बसल्या. मी दवाखान्यातून सुटून तिकडं गेले तेव्हा तमाशा रंगात आला होता. कुणी कंबर धरून पुडी मागायला आलं की अक्का दंडाचा पदर सारायच्या.

"घे की बाबा. लई गुण हाय. हे बघ माझं तेज." आणि काळे डाग दाखवायच्या. "घेतलीस तर सोडू नगंस पर. सोडलीस की अंगात देवी येती."

वैद्यबुवा हात जोडत होते. "अक्का, असं का करता? इतक्या वर्साचं आपलं..."

"मी कुटं काय म्हनले? गुणच तर सांगालेय तुमच्या पुडीचा."

"माझ्या पोटावर पाय देता तुमी."

"आन तुमी माझ्या?" अक्का म्हणाल्या. "पुडीत काय घालता, त्ये एकदा मोठ्यानं सांगा. मी घमेलं उचलते."

सांगितलं नाही. एक बाजार, दुसरा बाजार, अक्का येऊन बसायच्या. मग ते ईटला यायचे बंद झाले. ते शेजारच्या वाशी गावच्या आठवडी बाजारात बसतात असं कळलं, तेव्हा मला वाटलं, झालं, जिंकूनही हरलो. पुढच्या वाशीच्या बाजारादिवशी सकाळी अंगणात अक्का दिसल्या. पायात चप्पल, काखेत घमेलं.

"कुठं निघालात?"

"यष्टीला," त्या म्हणाल्या.

वाशीहूनही ते उठले. आता कुठं बसतात मला माहीत नाही. कुठंतरी बसतच असतील, आणि कुणाच्या तरी तोंडावर तेज येत असेल.

पुढच्या नवरात्राची मात्र मला धास्ती होती. गोळी चालू होती, कमी होत आलेली, पण चालू. आणि गोळी विकतची. ती तोंडातूनच जाते, इथं माझी वकिली चालणार नव्हती. घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी अक्का देवघरापुढं बसल्या. मी दाराशी उभी होते, मला पाहून त्या थांबल्या नाहीत.

"ऐक. शब्द दिला तवा मला अंगातलं काय ठावं न्हवतं. तुला ठावं आसंल तर तू बोलली न्हाईस. लबाडीनं घेतलेला शब्द मी पाळत न्हाय. दिवा लावीन. बाकीचं ह्या वर्सापास्नं बंद. राग आला तर माझ्याकडं यायचं, दत्त्याकडं जायचं न्हाय." मग जरा वेळानं, "आन खरंच यायचं आसंल तर नीट ये. घाम फोडत येऊ नगंस."

पाचव्या माळेला बायका आल्या. ओटीची ताटं, नारळ, हळदीकुंकू. ईटच्या बाहेरूनही दोघीचौघी आल्या होत्या. अंगण भरलं. अक्का घमेल्यावर बसलेल्या, चेहरा उतरून पुन्हा लांबट व्हायला लागलेला, फोटोतल्या बाईसारखा. बायकांत कुजबुज झाली. तेज गेलं. मला ऐकू येईल अशा बेतानं एक जण म्हणाली, "भाडेकरनीनं घालवली देवी. त्या साली बाटवलं न्हवं का हिनं."

आदल्या वर्षी मी विष घालत होते, आता देवी घालवली. माझी बढती झाली होती.

अक्कांनी सगळ्यांसमोर गोळी काढली, जिभेवर ठेवली, विकतच्या साखरेच्या विकतच्या चहानं गिळली. दोन वर्षांमागं नोकरीचं विचारणारी बाई पुढं सरकली. नोकरी लागली नव्हतीच, म्हणून तिची श्रद्धा आणखी वाढलेली.

"अक्का, आई कवा येनार?"

"न्हाय येनार."

"आसं नगा म्हनू. आमी लांबनं आलोय. दर साली येती."

अक्कांनी पेला खाली ठेवला. "ती यायची तवा मी मरत व्हते. तुमच्या म्होरं, ह्या भितीला टेकून. दिसत व्हतं न्हवं तुमाला? आता सांगा. तुमाला कोन पायजे? ती का मी?"

अंगणात वीस-पंचवीस बायका होत्या. अक्कांनी ज्यांच्या बाळंतपणात खव्याचे गोळे पाठवले त्या होत्या. ज्यांच्या लेकींच्या लग्नात भट्टी रात्रंदिवस चालवली त्या होत्या. सून होती. कुणीही बोललं नाही. एकीनं नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला.

माझी बदली होऊन वर्षं झाली. अक्कांचे गुडघे दुखतात आणि गोळी सुटली, एवढं मला फोनवर कळतं. पण त्या गप्प बसण्याचा राग अजून गेलेला नाही. मी तेव्हा बोलायला तोंड उघडलं होतं, काय वाट्टेल ते बोलले असते, पण अक्कांनी हातानं थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या बाई. त्यांस्नी इचार करू द्या," त्या म्हणाल्या. "तवर मला आनखी एक च्या आना. साखर जास्ती घाला."